यंत्र गेले, हक्क का जावा?

बदली हा शब्द आमच्या वाचकांना नवा नाही. या मासिकाचे बहुतेक वर्गणीदार रेल्वे, टपाल, आयकर, बँका, लष्करी लेखा अशा खात्यांत नोकरीस असून कर्तव्याच्या ओघाने महाराष्ट्राबाहेर पडलेले आहेत. आज जबलपूर, तीन वर्षांनी गुवाहाटी, त्यानंतर विशाखापट्टण असा त्यांचा प्रवास चालतो. मुलांच्या शाळा बदलतात, घरातली मराठी बाहेरच्या भाषेशी रोज तडजोड करते, आणि लोखंडी पेटाऱ्यांवर रंगवलेली गावांची नावे एकावर एक चढत जातात. सरकारी बदलीविषयीच्या तक्रारी पुष्कळ आहेत व त्यांतील बऱ्याच खऱ्या आहेत. परंतु एक श्रेय सरकारच्या पदरात घातलेच पाहिजे. सरकार माणसाची बदली करते तेव्हा त्याचे हक्कही त्याच्याबरोबर पाठवते. शेवटच्या वेतनाचे प्रमाणपत्र मागोमाग येते, सेवापुस्तक येते, शिल्लक रजेचा हिशेब येतो. जबलपूरच्या कचेरीतील तुमची खुर्ची वाळवीने खाल्ली, सबब तुमची अर्जित रजा रद्द झाली, असे आजवर कोणत्याही लेखाधिकाऱ्याने लिहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या अनेक कंपन्या मात्र आपल्या गिऱ्हाइकास नेमके हेच ऐकवीत आहेत. तुमचा संगणक जळाला, सबब तुम्ही पैसे मोजून घेतलेला हक्कही जळाला, असे त्या म्हणतात. आश्चर्य याचे की, एरवी प्रवासभत्त्याच्या चार रुपयांसाठी सहा स्मरणपत्रे लिहिणारी आमची मंडळी हे उत्तर खालच्या मानेने ऐकून घेतात व दुसऱ्यांदा पैसे भरतात. या निमूटपणाविरुद्ध आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम आमचीच हकीकत सांगतो. गेल्या वर्षी दिवाळी अंकाच्या ऐन धांदलीत, विजेचा दाब एकाएकी वाढून, ज्या संगणकावर या मासिकाची पाने नऊ वर्षे जुळवली गेली त्याचा मदरबोर्ड जळाला. कारागिराने नवा बोर्ड बसवला. हार्ड डिस्क सुरक्षित होती, सारे लेख जागच्या जागी होते, पाने जुळवण्याचा प्रोग्रामही होता. तो उघडला मात्र, आणि त्याने आम्हांला ओळखच दिली नाही. हे यंत्र नोंदलेले नाही, कृपया ॲक्टिव्हेशन करा, असा मजकूर पडद्यावर उमटला. आम्ही खरेदीची पावती काढली, अनुक्रमांक घातला. उत्तर आले की, परवानगी असलेली दोन ॲक्टिव्हेशने संपली आहेत. पहिले खरेदीच्या वेळचे, दुसरे मध्यंतरी हार्ड डिस्क बदलली तेव्हाचे.

आम्ही कंपनीस लिहिले. अकरा दिवसांनी उत्तर आले, ‘आधी जुन्या संगणकावरून ॲक्टिव्हेशन काढून घ्या, मग नव्यावर करा.’ आम्ही पुन्हा लिहिले की, जुना बोर्ड काळा कोळसा होऊन आमच्या टेबलावर पडला आहे. हवे तर त्याचे छायाचित्र पाठवतो. त्यावर दुसरे उत्तर आले. त्यात सहानुभूती होती, आणि त्याच सहानुभूतीच्या पोटी नव्या परवान्यावर थोडी सूट देऊ केली होती.

दिवाळी अंक तुळशीच्या लग्नाच्या सुमारास वाचकांच्या हाती पडला. त्याबद्दल आम्ही त्याच वेळी क्षमा मागितली होती; कारण मात्र सांगितले नव्हते. विलंबाचे दुःख एक वेळ विसरता येईल. खरा घाव निराळाच होता. नऊ वर्षांचे अंक त्याच प्रोग्रामच्या ठेवणीत व त्याच्याबरोबर मिळालेल्या अक्षरांत साठवलेले होते. युनिकोडची सोय झाल्यावर आम्ही ते वेळीच बदलून घ्यावयास हवे होते. ती हयगय आमची, आम्ही ती नाकारीत नाही. पण परिणाम असा झाला की, आमच्याच मंडळींनी इंफाळच्या, पोर्ट ब्लेअरच्या, जैसलमेरच्या मुक्कामांत लिहून पाठवलेल्या आठवणी आमच्याच कपाटात असून आम्हांला वाचता येईनात. छापील प्रती होत्या, परंतु त्यांतून पुस्तक काढावयाचे तर अक्षर न् अक्षर पुन्हा जुळवणे आले. लिहिणाऱ्यांपैकी दोघे आज हयात नाहीत. त्यांचे शब्द आमचे, कागद आमचा, पैसा आमचा, आणि किल्ली मात्र परक्याच्या कमरेला.

दुसरी हकीकत आमच्या एका वाचकांची. शिलाँगहून तिरुवनंतपुरमला बदलीवर निघाले असता वाटेत एका मोठ्या जंक्शनवर त्यांचा लॅपटॉप चोरीस गेला. त्यांनी रीतसर पोलिसांत फिर्याद नोंदवली. नव्या गावी नवा संगणक घेतला, आणि आपल्या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी कंपनीस लिहिले. त्यांनाही तेच उत्तर मिळाले, जुन्या यंत्रावरून आधी निष्क्रिय करा. आता या गृहस्थांनी काय करावे? चोराचा पत्ता काढून त्याच्याकडून कार्यभार-हस्तांतरणाचे प्रमाणपत्र सही-शिक्क्यानिशी आणावे काय?

हा प्रकार घडतो कसा, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पूर्वी सॉफ्टवेअरच्या खोक्यावर एक अनुक्रमांक असे. तो घातला की काम भागे. महागड्या प्रोग्रामांबरोबर संगणकाच्या पाठीमागे खुपसावयाचे एक कुलूप येई. त्याला बाजारात डोंगल म्हणत. देवनागरी जुळवणी करणाऱ्या छापखान्यांना ते चांगलेच परिचित आहे. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर ॲक्टिव्हेशनची पद्धत घरोघर पोहोचली. या पद्धतीत प्रोग्राम हा संगणकाच्या मदरबोर्ड, प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क कार्ड यांसारख्या भागांच्या खुणा गोळा करून त्यांची एक ओळखखूण बनवतो व ती कंपनीच्या सर्व्हरकडे अनुक्रमांकाशी जोडून नोंदवतो. पुढे खुणा फारच बदलल्या की तो समजतो, हे यंत्र दुसरे आहे. माणूस तोच आहे की नाही हे तो विचारीत नाही. त्याला माणूस ठाऊकच नाही. सारा अनर्थ या एका गोष्टीत आहे. हक्क विकला माणसाला आणि नोंदवला यंत्राच्या नावे!

त्यातही परवान्याच्या जाती आहेत. नव्या संगणकाबरोबर बसवून मिळणारी विंडोजची प्रत त्या संगणकाशी जन्माची बांधलेली असते. स्वतंत्र विकत घेतलेली प्रत जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येते. मायक्रोसॉफ्टचा जुना दंडक असा की, पहिल्या जातीच्या प्रतीत मदरबोर्ड दोषामुळे बदलला तर चालेल, सुधारणा म्हणून बदलला तर तो नवा संगणक धरावा. हा भेद निदान समजण्याजोगा आहे. परंतु दुकानात उभा असलेल्या गिऱ्हाइकास तो कोण सांगतो? किमतीतील फरक सांगतात. त्या फरकाच्या पोटात काय दडले आहे ते यंत्र बंद पडल्याच्या दिवशी कळते.

यंत्र सोडण्याचे प्रसंगही तीन प्रकारचे. आपण होऊन नवे यंत्र घेणे, हा पहिला. यंत्र मरणे, हा दुसरा. यंत्र हरवणे वा चोरीस जाणे, हा तिसरा. पहिल्या प्रसंगी जुने यंत्र जिवंत असते, त्यावर बसून ॲक्टिव्हेशन सोडता येते. बऱ्याच कंपन्यांचे नियम केवळ या पहिल्या प्रसंगासाठी लिहिलेले आहेत. दुसऱ्या व तिसऱ्या प्रसंगी, म्हणजे माणसाला मदतीची खरी गरज असते तेव्हा, नियमाची पहिली पायरीच अशक्य ठरते. सरकारी कचेरीत कार्यभार सोपवणारा अधिकारी वारला, आजारी पडला वा फरारी झाला, तरी नवा अधिकारी एकतर्फी कार्यभार स्वीकारतो. टिपणी लिहिली जाते आणि कचेरी चालू राहते. ज्या कारभारास आपण लालफितीचा म्हणून हसतो त्यालाही जी अक्कल सुचली, ती या अत्याधुनिक म्हणवणाऱ्या व्यापाऱ्यांना सुचू नये, ही नवलाची गोष्ट आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू.

पहिले म्हणणे चोरीचे. ॲक्टिव्हेशन सैल केले तर एक प्रत घेऊन दहाजण वापरतील, असे कंपन्या म्हणतात. या भीतीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या देशात चोरीच्या प्रती सर्रास वापरल्या जातात, आणि त्या वापरणाऱ्यांत चांगले शिकलेले, सत्यनारायणाची पूजा घालणारे लोकही आहेत. पण कुलूप कोणाला अडवते ते पाहा. चोरीच्या प्रतीत कुलूप आधीच फोडलेले असते. ती प्रत मदरबोर्ड जळो की लॅपटॉप हरवो, कोणत्याही यंत्रावर निमूट चालते. यंत्र बदलल्याचा दंड ज्याने पैसे भरले, पावती जपली, खरे नाव नोंदवले त्यालाच होतो. ज्या व्यवस्थेत प्रामाणिकपणा ही अडचण ठरते ती व्यवस्था चोरीला आळा घालीत नाही, चोरीचा प्रचार करते.

शिवाय उपाय अशक्य आहे, असेही नाही. ॲडोबीच्या सध्याच्या वर्गणीच्या पद्धतीत दोन संगणकांवर प्रोग्राम चालू ठेवता येतो व यंत्र हाताशी नसले तरी आपल्या खात्यात जाऊन ते नोंदीतून काढता येते. विंडोज १० मध्ये २०१६ च्या ऑगस्टमधील सुधारणेपासून परवाना वापरणाऱ्याच्या खात्याशी जोडण्याची व भाग बदलल्यावर तसे कळवून पुन्हा ॲक्टिव्हेशन मिळवण्याची सोय झाली. या कंपन्यांचे आम्ही भाट नाही. वर्गणीची पद्धत ही स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मुद्दा एवढाच की, जे दोन मोठ्या व्यापाऱ्यांना जमते ते इतरांना तांत्रिकदृष्ट्या जमत नाही, ही सबब खोटी आहे. हरवलेले यंत्र इंटरनेटला कधीच जोडले नाही तर त्यावर जुनी प्रत चालत राहील, हा धोका उरतो, हे मान्य. पण तो धोका कोणी उचलावा? ज्याने हे कुलूप घडवले त्याने, की ज्याचे घर लुटले गेले त्याने?

दुसरे म्हणणे कराराचे. तुम्ही ‘मला मान्य आहे’ या चौकोनावर खूण केली, आता तक्रार कसली? यावर आम्ही विचारतो, ही खूण करवून घेतली केव्हा? पैसे घेतल्यानंतर, खोके फोडल्यानंतर, पुष्कळदा परत करण्याची वाट बंद झाल्यानंतर. करार इंग्रजीत, तोही अशा इंग्रजीत की ज्याने तीस वर्षे इंग्रजीत टिपण्या लिहिल्या त्या अवर सचिवालाही दम लागावा. त्यातील एक शब्दही बदलण्याची मुभा नाही. अशा कराराविषयी आपला कायदा मुका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही कल्पना स्वीकारली असून, ग्राहकाचे अहित करणारी अवाजवी अट, आकार वा बंधन तीत येते. मात्र येथेही एक मेख आहे. सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगापुढे नेता येते. पण करारच अनुचित म्हणून आव्हान द्यावयाचे तर राज्य आयोगाचे दार ठोठवावे लागते. बारा हजारांच्या सॉफ्टवेअरसाठी राज्याच्या राजधानीच्या खेपा कोण घालणार? आणि खेपा पुऱ्या होईतो बदलीचा हुकूम येणार!

तिसरे म्हणणे सर्वांत चतुर आहे व म्हणून त्याचा समाचार थोडा विस्ताराने घेतला पाहिजे. आम्ही तुम्हांला काही विकलेच नाही, असे कंपन्या म्हणतात. आम्ही वापरण्याची केवळ परवानगी दिली, आणि परवानगीची हद्द आम्ही ठरवू. विक्रीकर व आयकर खात्यांतील आमच्या वाचकांना हे ऐकून हसू आल्यावाचून राहणार नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २००४ साली असा निर्णय दिला की, बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे व त्याच्या विक्रीवर कर लागतो. पुढे इंजिनिअरिंग ॲनालिसिस या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रकरणात २ मार्च २०२१ रोजी त्याच न्यायालयाने म्हटले की, येथील वितरक वा वापरणारे परदेशी उत्पादकास सॉफ्टवेअरसाठी जी रक्कम देतात ती स्वामित्वशुल्क नव्हे. कारण तो ग्रंथस्वामित्वाचा व्यवहार नसून स्वामित्व असलेल्या वस्तूच्या एका प्रतीची विक्री आहे. गंमत अशी की, या खटल्यात परवान्याचा सिद्धान्त मांडीत होते आयकर खाते, आणि ‘छे, ही तर साधी विक्री!’ असे सांगत होती सॉफ्टवेअरच्या व्यापाराची बाजू.

म्हणजे न्याय असा झाला. कर चुकवावयाचा असेल तेव्हा सॉफ्टवेअर हा माल, आणि गिऱ्हाइकाचा संगणक जळेल तेव्हा ते केवळ परवानगी. सरकारी तिजोरीपुढे विक्री, ग्राहकापुढे मेहेरबानी. आजही बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आमच्याकडून घेतला जातो. दुसऱ्यांदा घ्यावयास लावलेल्या परवान्यावर तो दुसऱ्यांदा घेतला जातो. आम्ही एवढेच म्हणतो की, व्यापाऱ्याने दोन दगडांवर हात ठेवू नये. विक्री म्हणा व विक्रीची बंधने पाळा. अथवा परवानगी म्हणा, पण मग ती ज्या माणसास दिली त्याच्याजवळ राहू द्या. संगणकास परवानगी मागता येत नाही व पैसेही देता येत नाहीत.

या वादात परदेशांत दोन मते पडलेली आहेत. युरोपीय संघाच्या लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात ठरवले की, मोबदला घेऊन कायमचा परवाना दिला असेल तर ती विक्रीच होय. घेणारा आपली प्रत पुढे विकू शकतो. मात्र विकताना स्वतःजवळची प्रत त्याने निकामी केली पाहिजे. याउलट अमेरिकेतील नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने २०१० साली, ऑटोकॅडच्या जुन्या प्रती विकणाऱ्या एका गृहस्थाच्या खटल्यात, ग्राहक हा मालक नसून परवानाधारक आहे असे म्हटले. तथापि त्याच अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्यान्वये, केवळ परवाना देणाऱ्या डिजिटल विक्रेत्यास तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी करा’ असा शब्द वापरता येत नाही. शब्द खरा असावा, एवढी किमान लाज तेथे उत्पन्न झाली आहे.

आमची मागणी तर याहून किती माफक आहे! आपली प्रत दुसऱ्यास विकण्याचा प्रश्न आम्ही येथे उपस्थितच केलेला नाही; आपल्या स्वामित्व कायद्यात तो गुंतागुंतीचा आहे. आम्ही मागतो ते एवढेच की, ज्याने घेतले त्यालाच, त्याच कामासाठी, एका वेळी एकाच यंत्रावर, पण मेलेल्या यंत्राऐवजी जिवंत यंत्रावर ते वापरू द्यावे. हे तत्त्व आपल्या कायद्यास परके नाही. १९५७ च्या स्वामित्व कायद्याच्या ५२ व्या कलमात १९९४ च्या दुरुस्तीने अशी तरतूद केलेली आहे की, संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याने नाश, हानी वा हरवणे यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत केली तर तो गुन्हा नव्हे. नाश आणि हरवणे, दोन्ही शब्द कायद्यात आहेत! कायदे करणाऱ्यांनी आमचा जळालेला बोर्ड व शिलाँगच्या गृहस्थांचा चोरलेला लॅपटॉप जणू आधीच पाहिला होता. पण ॲक्टिव्हेशनच्या कुलपापुढे ही राखीव प्रत निरुपयोगी ठरते. संसदेने दिलेली सवलत व्यापाऱ्याच्या सर्व्हरने काढून घ्यावी, हे आम्हांला मुळीच मान्य नाही.

चौथे म्हणणे खर्चाचे, आणि ते फार काळ ऐकण्याच्या लायकीचे नाही. प्रत्येक अर्ज तपासावयास माणसे ठेवणे परवडत नाही म्हणतात. पासबुक हरवले म्हणून बँक ठेव जप्त करीत नाही. विम्याचा दस्तऐवज गहाळ झाला तर हमीपत्र घेऊन दुसरा देतात. सिमकार्ड हरवले तरी क्रमांक आपलाच राहतो. इतकेच नव्हे, तर २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही तो ठेवता येतो, आणि ३ जुलै २०१५ पासून एका परिमंडलातून दुसऱ्यात गेले तरी ठेवता येतो. फिरत्या नोकरीच्या लोकांसाठी २०२१ साली वाहनांची ‘बीएच’ मालिका निघाली, तिचा लाभ आमच्या कित्येक वाचकांनी घेतला असेल. शिधापत्रिकाधारकाचे धान्यही आता देशात कोठेही मिळू शकते. मजुराच्या धान्याचा हक्क त्याच्याबरोबर आगगाडीने जातो, आणि प्रोग्रामचा हक्क मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही!

तेव्हा काय झाले पाहिजे ते स्पष्टच मांडतो. पहिले, हक्क माणसाशी बांधलेला आहे की यंत्राशी, हे विक्रीपूर्वी, किमतीच्या शेजारी, गिऱ्हाइकाच्या भाषेत लिहिलेले असावे. दुसरे, हाताशी नसलेले यंत्र ग्राहकास आपल्या खात्यातून स्वतः नोंदीतून काढता यावे. तिसरे, यंत्र मेले वा चोरीस गेले तर खरेदीची पावती आणि प्रतिज्ञापत्र वा पोलिसांतील फिर्यादीची प्रत एवढ्यावर, सात दिवसांच्या आत व विनामूल्य, नवे ॲक्टिव्हेशन मिळावे. चौथे, अर्ज विचाराधीन असेतो प्रोग्राम चालू राहावा. केंद्र सरकार बदलीच्या माणसास अंतराप्रमाणे १०, १२ वा १५ दिवसांचा रुजू होण्याचा अवधी देते. तेवढा अवधी प्रोग्रामलाही असावा. पाचवे, कंपनीने सर्व्हर बंद केला तर जुन्या ग्राहकांस कुलूप नसलेली प्रत द्यावी. यालाही दाखला आहे. ॲडोबीने आपल्या सीएस २ या जुन्या मालिकेचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा २०१३ च्या सुरुवातीस ॲक्टिव्हेशनची गरज नसलेली प्रत आपल्या परवानाधारकांसाठी उपलब्ध करून दिली होती.

हे कायद्याने होईल तेव्हा होवो. पण वाचकहो, आपण केवळ ग्राहक नाही. आपणांपैकी पुष्कळजण देशातील सर्वांत मोठ्या ग्राहकाचे हात आहात. सरकारी खरेदीच्या अटी कोण लिहितो? निविदेचे मसुदे कोणाच्या टेबलावरून जातात? वरील पाच कलमे कंपनीने मान्य करावीत असे एक वाक्य मसुद्यात घालणे आपल्या हाती आहे. खासगी ग्राहकाच्या शंभर पत्रांना सहानुभूतीने उत्तर देणारी कंपनी, पाचशे परवान्यांच्या निविदेतील एका अटीला निराळ्या आदराने उत्तर देते, हे आपण आमच्याहून अधिक जाणता.

आणि आपल्या घरचेही थोडे पाहू. कचेरीतील संगणक निकामी ठरवून साठा नोंदवहीतून कमी करताना, त्यावरील परवाने जिवंत आहेत की नाहीत, ते सोडवून नव्या यंत्रावर नेता येतील की नाही, हे कोणी पाहतो काय? यंत्र भंगारात जाते आणि त्याच्या पोटात हजारो रुपयांचे परवाने जातात. नोंदवहीत मात्र एक लोखंडी पेटी तेवढी कमी होते. त्याहून मोठा घोटाळा खात्याचा. सॉफ्टवेअर घेताना त्या वेळचे अधिकारी आपला खासगी ई-मेल पत्ता देऊन मोकळे होतात. पुढे त्यांची बदली होते, पत्ता त्यांच्याबरोबर जातो, आणि नव्या अधिकाऱ्यास स्वतःच्याच कचेरीच्या परवान्यासाठी जुन्या साहेबांना दूरध्वनी करून मिनतवारी करावी लागते. यात कंपनीचा दोष नाही. पदाच्या नावे खाते उघडावे, पावती व अनुक्रमांक नोंदवहीत लिहावे, आणि कार्यभार सोपवताना किल्ल्यांच्या यादीत या किल्ल्याही द्याव्यात.

एक वाट मात्र आम्ही सुचवणार नाही. अन्यायाला कंटाळून फोडलेली प्रत वापरणे ही ती वाट. जो स्वतः चोरी करतो त्याला हक्काची भाषा बोलता येत नाही, आणि प्रतिपक्षाला नेमके तेच हवे असते.

आमच्या प्रकरणाचा शेवट सांगून हा लेख संपवतो. आम्ही दुसऱ्यांदा पैसे भरले. त्या कपाटात आमच्या दोन दिवंगत स्नेह्यांचे लेखन अडकलेले होते, आणि तत्त्वासाठी ते तसेच राहू देण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. आता एकेक अंक उघडून त्यातील मजकूर युनिकोडमध्ये उतरवण्याचे काम चालू आहे. सात वर्षांचे झाले, दोन वर्षांचे उरले आहे. भरलेल्या पैशांची पावती व कंपनीची दोन्ही उत्तरे आम्ही एका फाइलीत जपून ठेवली असून राज्य आयोगाकडे जावयाचा मसुदा तयार केला आहे. तो अधिक भक्कम व्हावयाचा तर एकट्या मासिकाची हकीकत पुरणार नाही. ज्या वाचकांना बदलीत, चोरीत वा यंत्राच्या मृत्यूत असा अनुभव आला असेल त्यांनी खरेदीची तारीख, मिळालेली उत्तरे व दुसऱ्यांदा भरलेली रक्कम एवढे तीन तपशील आम्हांला अवश्य कळवावेत.